सर नॉर्मन लॉकियर व विजयदुर्गचे ओटे

विजयदुर्गच्या किल्ल्यांत जे वाचक जाऊन आले असतील त्यांस तेथील साहेबाचे ओटे खचित ठाऊक असतील. वाघोटनच्या खाडीच्या मुखाशीं उभा असलेला हा जुना घेरिया. त्याचा तिहेरी तट, त्याचे बुरूज, आंग्र्यांच्या आरमाराच्या आठवणी यांपुढें ते साधे चौथरे पाहुण्याच्या नजरेंत भरण्याजोगे मुळींच नाहींत. तरी दर वर्षीं १८ ऑगस्ट रोजीं लोक तेथें जमतात व हेलियम वायूचा जन्मदिवस साजरा करितात. आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांतून एक वाक्य आम्हीं वारंवार वाचलें आहे. तें असें कीं, सन १८६८ च्या खग्रास ग्रहणांत लॉकियर नांवाच्या साहेबानें आपल्या विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लाविला. तें वाक्य खोडतांना आमचा हात अडखळतो हें आम्ही कबूल करितों. कारण आम्हीही याच किनाऱ्यावरचे. परंतु १८६८ सालीं लॉकियर हिंदुस्थानांत नव्हते. ते विजयदुर्गास आले ते तीस वर्षांनंतर, आणि त्या येण्याची खरी हकीकत कोणी सांगत नाहीं. ती सांगावी व त्या निमित्तानें या पुरुषाचें चरित्रही वाचकांपुढें ठेवावें असें आम्हीं योजिलें आहे.

नॉर्मन लॉकियर यांचा जन्म इंग्लंडांतील रग्बी या गांवीं १७ मे १८३६ रोजीं झाला. वडील वैद्यकीचा धंदा करीत व विजेच्या प्रयोगांचा त्यांस नाद होता. मुलाचें शिक्षण खाजगी शाळांतून झालें. पुढें भाषा शिकण्यासाठीं तो कांहीं काळ फ्रान्स व स्वित्झर्लंड या देशांत राहिला. कोणत्याही विद्यापीठांत ते शिकले नाहींत. १८५७ सालीं युद्धखात्याच्या कचेरींत कारकून म्हणून त्यांस जागा मिळाली व पुढच्याच वर्षीं विनिफ्रेड जेम्स या बाईंशीं त्यांचा विवाह झाला. या बाई फ्रेंच भाषेंत निष्णात होत्या. फ्रेंच शास्त्रीय ग्रंथांचीं भाषांतरें करून त्यांनीं पतीच्या कार्यास मोठा हातभार लाविला. संसार मोठा, पगार बेताचा. दिवसभर कचेरींतील कागदपत्रें आणि रात्रीं बागेंतील सव्वासहा इंची भिंगाची दुर्बीण, असा त्यांचा क्रम अनेक वर्षें चालला होता. १८६२ सालीं मंगळ पृथ्वीच्या जवळ आला तेव्हां त्यांनीं काढलेलीं त्याचीं चित्रें जाणत्यांनीं वाखाणलीं. परंतु त्यांचें चित्त लवकरच सूर्याकडे वळलें.

येथें थोडें शास्त्र सांगणें भाग आहे. मुलांनीं कंटाळूं नये. लोलकांतून सूर्यप्रकाश जाऊं दिला म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा पडतो हें शाळेंत दाखविलेलेंच आहे. आतां घरीं एक प्रयोग करून पाहा. शिरोड्याच्या मिठागरांतील मिठाची चिमूट जाळावर टाका, ज्योत पिवळीधमक होईल. ती ज्योत लोलकांतून पाहिली तर सबंध पट्टा न दिसतां एका जागीं पिवळ्या रेघांची जोडी दिसते. ती सोडियमची खूण. सोडियम नसेल तेथें ती जोडी उमटत नाहीं. किर्खोफ व बुन्सेन या दोघां जर्मन पंडितांनीं १८५९ पासून पुढील एकदोन वर्षांत हें सिद्ध केलें कीं, प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा ठराविक रेघा आहेत. याचा अर्थ असा झाला कीं, जेथें मनुष्याचा हात कधीं पोंचणार नाहीं तेथील द्रव्यें त्याला घरबसल्या ओळखतां येऊं लागलीं.

खग्रास ग्रहणांत चंद्राच्या काळ्या बिंबाभोंवतीं गुलाबी ज्वाला दिसतात. त्या सूर्याच्या कीं चंद्राच्या, वायूच्या कीं घन पदार्थांच्या, याविषयीं मोठा वाद होता. ग्रहण सुटलें कीं ज्वाला लुप्त. कारण सूर्याच्या तेजानें उजळलेलें आकाश त्यांस झांकून टाकतें. लॉकियर यांच्या मनांत १८६६ सालीं अशी कल्पना आली कीं, ज्वाला जर तप्त वायूच्या असतील तर त्यांचा प्रकाश मोजक्या रेघांत एकवटलेला असेल. मग प्रखर वर्णपटदर्शक दुर्बिणीस जोडला असतां आकाशाचा उजेड लांबच लांब पसरून फिका पडेल, रेघा मात्र फिक्या पडणार नाहींत, आणि ग्रहणावांचूनही ज्वाला पाहतां येतील. कल्पना उत्तम, पण यंत्र कोठून आणावें? रॉयल सोसायटीच्या मध्यस्थीनें पैसा मिळाला. कारागिराकडे मागणी गेली. आणि मग विलंबावर विलंब. सुतारास पाट सांगून वर्षभर वाट पाहिलेल्या आमच्या वाचकांस त्यांची स्थिति सहज कळेल.

इकडे १८ ऑगस्ट १८६८ रोजीं चंद्राची छाया अरबी समुद्रावरून आपल्या कोंकणपट्टीवर आली व विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण या मार्गानें पूर्वेस गेली. विजयदुर्ग त्या मार्गांत होता हें खरें. परंतु श्रावणभाद्रपदांतील कोंकणचें आकाश आम्हांस माहीत आहे, व शास्त्रज्ञांनींही तें ओळखून आपले तळ बहुतेक घाटापलीकडे दिले. जॉन हर्शेल यांचा तळ जमखंडीस होता. फ्रेंच ज्योतिषी जान्सेन हे गुंटूर येथें होते. त्यांनीं ज्वालांच्या रेघा इतक्या ठळक पाहिल्या कीं, ग्रहण सुटल्यावरही त्या दिसतील अशी त्यांची खात्री झाली व दुसऱ्या दिवशीं उघड्या सूर्यावर त्यांनीं त्या पाहिल्याही. लॉकियर तेव्हां इंग्लंडांत अपुऱ्या यंत्राची वाट पाहत बसले होते. तें त्यांच्या हातीं १६ ऑक्टोबरला आलें आणि २० ऑक्टोबरला त्यांसही ग्रहणावांचून ज्वालेच्या रेघा दिसल्या. जान्सेन यांचें पत्र हिंदुस्थानांतून, लॉकियर यांचें इंग्लंडांतून. दोन्ही पत्रें फ्रेंच शास्त्रपरिषदेपुढें एकाच दिवशीं, २६ ऑक्टोबरला, आलीं. भांडण व्हावयास याहून चांगलें निमित्त कोणतें? परंतु तसें घडलें नाहीं. फ्रेंच सरकारनें दोघांच्याही मुद्रा एकाच पदकावर कोरून तें प्रसिद्ध केलें व दोघे जन्मभर मित्र राहिले.

त्या रेघांत एक पिवळी रेघ होती. ग्रहणाच्या वेळीं ती अनेकांनीं पाहिली व बहुतेकांनीं सोडियमचीच म्हणून सोडून दिली. लॉकियर यांनीं मात्र ती मोजली. मीटरच्या अब्जांश भागाच्या मापानें सोडियमच्या रेघा ५८९.० व ५८९.६ या ठिकाणीं येतात. ही रेघ येत होती ५८७.६ च्या ठिकाणीं. फरक केवढा? दीड मापाहूनही लहान. परंतु तेवढ्यावर त्यांनीं बोट ठेविलें. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्या साहाय्यानें त्यांनीं हायड्रोजन वायु कमीजास्त दाबाखालीं तापवून पाहिला. ती रेघ कांहीं उमटेना. शेवटीं हें पृथ्वीवर न सांपडलेलें मूलद्रव्य असावें असें ठरवून ग्रीक भाषेंतील सूर्याच्या नांवावरून त्यास हेलियम असें नांव दिलें. नांवाचा शेवट धातूंच्या नांवांसारखा. म्हणजे तो धातु असावा असा त्यांचा कयास होता. तो चुकला. कित्येक रसायनशास्त्रज्ञांस हें सर्वच प्रकरण हास्यास्पद वाटलें. जें द्रव्य कोणी हातांत धरिलें नाहीं त्याचें बारसें कसलें, असा त्यांचा आक्षेप. हा उपहास लॉकियर यांनीं सत्तावीस वर्षें सोसला. १८९५ च्या मार्च महिन्यांत रॅम्झे यांस युरेनियम असलेल्या क्लेव्हाइट नांवाच्या खनिजांतून एक वायु मिळाला. क्रूक्स यांनीं त्याची पिवळी रेघ मोजली आणि ती बरोबर त्याच जागीं आली.

या मधल्या काळांत लॉकियर स्वस्थ बसले नव्हते. १८६९ च्या ४ नोव्हेंबरला त्यांनीं नेचर हें शास्त्रीय साप्ताहिक काढिलें. प्रारंभींचीं अनेक वर्षें त्यांत नफा नव्हता. तरी त्यांनीं पन्नास वर्षें त्याचें संपादन केलें, व तें पत्र आजही जगांतील अग्रगण्य शास्त्रीय पत्रांत गणलें जातें. सौर भौतिकीच्या दक्षिण केन्सिंग्टन येथील वेधशाळेचे ते प्रमुख झाले व १८९७ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली. स्वभाव मात्र सौम्य नव्हता. आपल्या मताविरुद्ध बोलणाऱ्यांशीं ते हिरीरीनें वाद घालीत, व एकदां मनानें घेतलेली उपपत्ति सोडणें त्यांस जड जाई. हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण पुढें त्याचा संबंध येणार आहे.

ग्रहणांनीं त्यांस जितकें खेळविलें तितकें क्वचितच कोणास खेळविलें असेल. १८७० च्या डिसेंबरांत सिसिलीस जातांना त्यांचें जहाज खडकावर चढलें. माणसें वांचलीं, पण ग्रहणाच्या वेळीं ढगांनीं त्यांस क्षणभरच दर्शन दिलें. पुढच्या वर्षीं १२ डिसेंबरला ते मलबार किनाऱ्यावरील बेकलच्या किल्ल्यांत आले व तेथें त्यांस चांगलें ग्रहण मिळालें. १८८२ सालीं मिसर देशांत यश. १८८६ सालीं ग्रेनाडा बेटांत ढग. १८९६ सालीं नॉर्वेच्या अगदीं उत्तर टोकाशीं मोठा सरंजाम नेला, खलाशांस आठवड्यांचें शिक्षण दिलें आणि नेमक्या वेळीं आकाश भरून आलें. पुढचें ग्रहण २२ जानेवारी १८९८ चें. त्याचा मार्ग पुन्हां हिंदुस्थानावरून, आणि जानेवारींतलें आपलें आकाश तर कांचेसारखें स्वच्छ. एकसष्ट वर्षांच्या लॉकियर यांनीं या वेळीं स्थळ निवडलें तें विजयदुर्ग.

मेल्पोमीनी नांवाची आरमारी नौका खाडींत उभी राहिली. दीडशें वर्षांपूर्वीं याच पाण्यांत इंग्रजांच्या नौका तोफांचा मारा करावयास आल्या होत्या, १७५६ सालीं तुळाजी आंग्र्यांचें आरमार जाळून गेल्या होत्या. या नौकेच्या खलाशांस किल्ल्यावर वेगळेंच काम होतें. लांकूड, तंबूचें कापड, पेट्या, नळ्या, आरसे वर चढविणें. चौथऱ्यांवर यंत्रें पक्कीं बसविणें. आणि मग कवाईत. आमच्या मतें या मोहिमेंतील सर्वांत चित्तवेधक भाग हाच. लॉकियर यांनीं कॅप्टन चिझम-बॅटन यांच्या हाताखालील खलाशांस टोळ्यांत वांटून दिलें. कोणी घटिकायंत्र पाहून सेकंद मोठ्यानें मोजावे, कोणी फोटोच्या कांचा बदलाव्या, कोणी प्रभामंडळाचें चित्र हातानें काढावें, कोणी अंधार पडतांच कोणते तारे दिसतात तें टिपावें. सारा खेळ सुमारें दोन मिनिटांचा. तेव्हां त्या दोन मिनिटांची तालीम दिवसेंदिवस चालली. बरोबर आल्फ्रेड फाउलर हे तरुण साहाय्यक होते, आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील रसायनाचे अध्यापक पेडलर हेही आले होते. या दोन नांवांची वाचकांनीं आठवण ठेवावी.

त्या सालीं मुंबई व पुणें येथें प्लेगानें हाहाकार मांडला होता. तरी देशोदेशींचे ज्योतिषी येऊन ठिकठिकाणीं उतरले. सोलापूरकडे जेऊर येथें पुण्याच्या वेधशाळेचे नेगमवाला यांचा तळ होता, अमेरिकेचे कॅम्बेलही तेथेंच. वऱ्हाडांत तळणीस मॉन्डर पतिपत्नी होतीं, व मॉन्डरबाईंनीं प्रभामंडळाच्या एका अतिदीर्घ किरणाचें छायाचित्र घेऊन नांव मिळविलें. विजयदुर्गावर मध्यान्हानंतर थोड्याच वेळानें छाया आली. आकाश निरभ्र होतें. लोलक लावलेल्या कॅमेऱ्यांनीं सूर्याच्या कडेवरील पातळ तप्त वेष्टनाचे वर्णपट टिपले. सरळ रेघांऐवजीं चंद्रकोरीसारख्या कमानी त्यांत उमटल्या. या वेष्टनास वर्णगोल या अर्थाचें नांव लॉकियर यांनींच पूर्वीं दिलें होतें. हेलियमची पिवळी रेघ त्या वेष्टनांतलीच. म्हणजे ज्या सूर्यवायूचें नांव त्यांनीं इंग्लंडांत ठेविलें त्याच्या घराचें चित्र त्यांनीं आपल्या किल्ल्यांतून घेतलें. साहेबाच्या ओट्यांवर इतका हक्क सांगतां येतो; तो आम्हांस थोडा वाटत नाहीं.

आतां चुकीकडे वळूं. सूर्य व तारे यांचे वर्णपट जमवून लॉकियर यांनीं ताऱ्यांच्या जन्ममरणाची एक भव्य उपपत्ति रचिली व १८९० सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. सर्व विश्व उल्कांच्या थव्यांचें बनलेलें. थवे एकमेकांवर आदळून तापतात, त्यांचे तारे होतात, तारे निवतात. आकाशांत अकस्मात् नवा तारा प्रगटतो त्याचें कारणही त्यांच्या मतें हेंच, दोन थव्यांची टक्कर. १९०१ च्या फेब्रुवारींत एडिंबरोच्या अँडरसन यांस ययाति नक्षत्रपुंजांत असा तारा दिसला व एकदोन दिवसांत तो आकाशांतील अत्यंत तेजस्वी ताऱ्यांच्या पंक्तीस बसला. लॉकियर व त्यांचे सहकारी यांनीं त्याच्या वर्णपटाचीं छायाचित्रें सतत घेतलीं. निरीक्षण उत्कृष्ट होतें, स्पष्टीकरण चुकीचें. तो तारा म्हणजे विझत आलेला, अतिघन असा श्वेत खुजा तारा. जोडीदाराचें द्रव्य अंगावर सांठवून पृष्ठभागीं भडकलेला.

याहून कितीतरी पटींनीं भयंकर असा स्फोट वेगळाच आहे, व त्याचें निराळेपण १९३४ सालीं बाडे व झ्विकी यांनीं सांगितलें. त्यांतील एक मोठा वर्ग प्रचंड ताऱ्यांच्या मरणाचा. गंमत अशी कीं, त्या स्फोटाच्या गोष्टींत लॉकियर यांचा हेलियम पावलोपावलीं येतो. तारा जळतो म्हणजे त्याच्या गाभ्यांत हायड्रोजनचा हेलियम होतो. आपला सूर्य सध्यां तेंच करीत आहे. परंतु सूर्याच्या सुमारें आठपटींहून जड ताऱ्यांत काम तेवढ्यावर थांबत नाहीं. हेलियमपासून कार्बन व ऑक्सिजन, पुढें निऑन, सिलिकॉन, शेवटीं लोह, अशीं द्रव्यें होत जातात व तारा कांद्याच्या पापुद्र्यांसारखा थरांचा बनतो. लोहापासून आणखी उष्णता निघत नाहीं. लोखंडी गाभा सूर्याच्या सुमारें १.४ पट जड झाला कीं, स्वतःचा भार त्यास सोसवत नाहीं, आणि पृथ्वीएवढा तो गोळा एका सेकंदाच्या आंत एखाद्या तालुक्याएवढ्या आकारांत कोसळतो. मग वरचें द्रव्य त्या टणक गाभ्यावर आपटून उलटें फिरतें. परंतु गणित करणाऱ्यांस येथेंच अडचण आली. संगणकावर मांडलेल्या कित्येक आकृत्यांत तो उलटा धक्का वाटेंतच दमून थांबे व तारा फुटतच नसे. न्यूट्रिनो नांवाचे सूक्ष्म कण गाभ्यांतून असंख्य बाहेर पडतात. त्यांतील थोड्या अंशाची उष्णता मागें राहिली, आणि आंतील द्रव्य उकळत्या पेजेसारखें वरखालीं घुसळूं दिलें, तर धक्का पुन्हां जोर धरतो असें पुढील गणितांत दिसून आलें. २३ फेब्रुवारी १९८७ रोजीं सुमारें १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवरील शेजारच्या दीर्घिकेंतून असा स्फोट दिसला. प्रकाशाच्या कांहीं तास आधीं जपान, अमेरिका व रशिया येथील यंत्रांत मिळून दोन डझन न्यूट्रिनो सांपडले. गाभा खरोखरच कोसळतो याचा तो पुरावा.

कांहीं प्रचंड तारे फुटण्यापूर्वींच आपलें हायड्रोजनचें वेष्टन गमावून बसतात. त्यांच्या स्फोटाच्या वर्णपटांत हायड्रोजन नसतो, हेलियम ठळक असतो. अशा स्फोटांचा शास्त्रज्ञांनीं स्वतंत्र वर्ग केला आहे, व त्याची ओळख पटविणाऱ्या रेघांत ५८७.६ ची पिवळी रेघ मुख्य आहे. लॉकियर यांनीं सोडियमपासून दीड मापानें वेगळी काढलेली ती हीच.

त्यांची दुसरी एक उपपत्ति अशीच वादांत सांपडली होती. साध्या ज्योतींत एका द्रव्याच्या ज्या रेघा दिसतात त्यांहून विजेच्या ठिणगींत निराळ्या रेघा बळावतात; सूर्याच्या वर्णगोलांतही त्याच बळावलेल्या असतात. यावरून अतिउष्णतेनें अणूचे तुकडे होतात असें लॉकियर म्हणत. अणु म्हणजे अभेद्य असें मानणाऱ्या त्या काळांत हें कोणास पटलें नाहीं. त्यांच्या मांडणींत चुका होत्याच, पण सर्व चूक नव्हतें.

१९१३ सालीं त्यांची वेधशाळा त्यांच्या इच्छेविरुद्ध केंब्रिजला हलविण्यांत आली. शहराच्या धुरापासून दूर टेंकडीवर वेधशाळा असावी असा त्यांचा आग्रह; म्हणून आयुष्याची पंचाहत्तरी उलटल्यावर डेव्हन परगण्यांत सिडमथजवळच्या टेंकडीवर त्यांनीं स्वतः नवी वेधशाळा उभारली. तेथेंच १६ ऑगस्ट १९२० रोजीं, वयाच्या चौऱ्यांशीव्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. ती वेधशाळा त्यांच्या नांवानें आजही आहे.

त्यानंतर दोन महिन्यांनीं, ऑक्टोबर १९२० मध्यें, मेघनाद साहा या बंगाली तरुणाचा सूर्याच्या वर्णगोलाविषयींचा निबंध प्रसिद्ध झाला. अणु तापला असतां त्याचा इलेक्ट्रॉन सुटतो, आणि किती उष्णतेस व किती दाबास किती अणु असे सुटे होतील, याचें समीकरण त्यांत होतें. ज्या बळावलेल्या रेघांवरून लॉकियर यांची टवाळी झाली त्या अशा सुट्या अणूंच्या निघाल्या. साहांचे गुरु प्रफुल्लचंद्र राय; राय यांनीं प्रेसिडेन्सी कॉलेजांत ज्यांचीं व्याख्यानें ऐकलीं ते पेडलर. आणि साहा त्याच सुमारास विलायतेस जाऊन ज्यांच्या प्रयोगशाळेंत काम करूं लागले ते आल्फ्रेड फाउलर. पेडलर व फाउलर हे दोघेही २२ जानेवारी १८९८ च्या दुपारीं विजयदुर्गाच्या किल्ल्यांत होते.